ग्लेनिस टकवेल आणि तिचा पुडिंग

ग्लेनिस टकवेल पहिल्यांदा घोड्यावर बसली तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती, आणि तो घोडा विकायला काढलेला होता.

त्याआधीची अकरा वर्षं ती घोड्यांच्या आसपासच होती, पण जमिनीवर. तिची मुलगी जॅनीन म्हणजे आमच्या यारंबा गावातली सगळ्यात तयार घोडेस्वार. आधी तिच्याकडे तट्टू होतं, मग मोठा घोडा आला, आणि दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावच्या शोमध्ये, म्हणजे शेतकी जत्रेत, अडथळ्यांवरून उड्या मारणं सुरू झालं. ग्लेनिस उजाडायच्या आत उठून घोड्याच्या आयाळीच्या बारीक वेण्या घालायची, ट्रेलर जोडायची, दीडदोनशे किलोमीटर गाडी हाकायची आणि मग दिवसभर रिंगणाबाहेर बादली, खरारा आणि टॉवेल घेऊन उभी राहायची. जॅनीनचा फोटो वर्तमानपत्रात यायचा. कडेला बादली धरलेला एक हात दिसायचा, तो ग्लेनिसचा.

हे मला नीट माहीत आहे, कारण आमच्या शोची घंटा माझ्या हातात असते. एरवी मी पोस्टात असते. पण ऑक्टोबरातल्या शोच्या शनिवारी पंचांच्या लाकडी खोलीत त्यांच्या शेजारी बसून मी कागदावर दोष लिहिते आणि घंटा वाजवते. घोड्याने दांडा पाडला की चार दोष. अडथळ्यापाशी येऊन अडला की तीन. तिसऱ्यांदा अडला की मी घंटा वाजवायची आणि स्वाराने टोपीला हात लावून गुमान बाहेर जायचं. ज्याचे दोष कमी तो वर. बरोबरीत राहतील त्यांची घड्याळ लावून दुसरी फेरी. एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळी धूळ आणि माश्या.

जॅनीन एकोणीस वर्षांची झाली आणि नर्सिंग शिकायला सिडनीला गेली. घोडा मागे राहिला. कागदोपत्री त्याचं नाव सर लॅन्सडेल. तांबडा, पांढऱ्या नाकाचा, रुंद छातीचा. शर्यतीच्या मैदानावर कायम शेवटून पहिला यायचा म्हणून स्वस्तात मिळालेला. घरात त्याला पुडिंग म्हणत. जॅनीन गेल्यावर वर्षभर तो कुंपणापाशी उभा राहून रस्त्याकडे बघत गवत खात राहिला आणि पुडिंग हे नाव त्याला जास्तच शोभायला लागलं. मर्व्ह म्हणजे ग्लेनिसचा नवरा. मेंढरं आणि गहू यांतून डोकं वर काढायला त्याला सवड नसते. तो म्हणाला की न राबणारं जनावर पोसण्यात अर्थ नाही. जॅनीननेही फोनवर सांगितलं, विकून टाका, बिचाऱ्याचं वय फुकट चाललंय.

वॉगा शहराकडची एक बाई घोडा बघायला आली. तिचे बूट इतके स्वच्छ होते की मर्व्हने नंतर पबमध्ये पहिल्यांदा तेच सांगितलं. आधी घरच्या कुणीतरी बसून घोडा फिरवून दाखवावा, मग मी बसेन, असं तिचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हतं, पण घरच्यांत बसणारं कोण होतं? मर्व्हची पाठ लोकर कातरून कातरून कामातून गेलेली. शेवटी ग्लेनिसने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, त्यावर चढली आणि स्कूलबस चालवताना घालायचा निळा स्वेटर आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट अशा अवतारात घोड्यावर बसली.

पुडिंग दोन चकरा सभ्यपणे चालला. मग दुडक्या चालीवर आला. मग तळ्याकडे पडलेला ओंडका त्याच्या नजरेस पडला आणि वर्षभरात कुणी काही सांगितलं नव्हतं म्हणून की काय, त्याने स्वतःच ठरवून त्यावरून उडी मारली. ग्लेनिस पडली नाही. दोन्ही हातांनी त्याची मान कवटाळून ती पलीकडे पोचली आणि तशीच परत आली. बाई खूश झाली आणि पर्समधून चेकबुक काढायला लागली.

वरूनच ग्लेनिस म्हणाली, "घोडा विकायचा नाहीये."

"दोन मिनिटांपूर्वी होता," मर्व्ह म्हणाला.

"दोन मिनिटांपूर्वी मी खाली होते."

बाईला चहा आणि गरम स्कोन देऊन तिची समजूत घालावी लागली. मर्व्हची समजूत कुणी घातली नाही. तो आठवडाभर घुम्यासारखा वागला, आणि पुढच्या रविवारी जुनी तेलाची पिंपं आणि कुंपणाचे दांडे घेऊन तळ्याशेजारी काहीतरी ठोकायला लागला. विचारलं तर म्हणाला, ओंडका किडलाय, पोटात मुंग्या आहेत, उडी मारायचीच तर धड कशावरून तरी मारा.

ग्लेनिसला शिकवणी लावायची गरज नव्हती, असं तिचं तिलाच वाटलं. अकरा वर्षं रिंगणाबाहेर उभं राहून तिने जॅनीनच्या मास्तरांचा शब्द न शब्द ऐकला होता. टाचा खाली, नजर वर, हात मऊ. सगळं पाठ होतं. फक्त हे शब्द कानातून टाचांपर्यंत पोचायला वेळ लागत होता. त्या हिवाळ्यात ती कितीदा पडली ते मर्व्हने शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवलं होतं. चौदाव्या रेघेला गळ्याजवळचं हाड मोडलं आणि पंधरा दिवस बस चालवायला शेजारच्या गावचा माणूस आला. पोरांना तो आवडला नाही. तो रेडिओ लावू देत नव्हता.

आता ही पोरं. ग्लेनिसच्या बसमध्ये पाच ते पंधरा वयाची चौतीस पोरं. कुणी संत्रं फेकलं की ती बस थांबवायची, मागे जायची आणि ते संत्रं फेकणाऱ्याकडून तिथल्या तिथे खाऊन घ्यायची. सालासकट. पोरं तिला टरकून असत आणि तिच्यावर जीवही टाकत. तिने आपला पहिला शो म्हणून यारंबाच्या नवशिक्यांच्या वर्गात नाव दिलं, साठ सेंटिमीटर उंचीचे अडथळे, तेव्हा मी तिला विचारलं की बाकीची नावं वाचलीस का. नाही म्हणाली. एकूण नऊ स्वार होते. आठ जण बारा वर्षांच्या आतले, आणि आठही जण तिच्या बसमधले.

शोच्या दिवशी सकाळी स्वार पायी फिरून अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजत होते. तट्टूएवढी तट्टूवाली पोरं आणि त्यांच्या मध्ये ही ऐसपैस बाई. जॅनीनचं जुनं जाकीट तिला कुठेच पुरत नव्हतं. पिप ऑजर्स नावाची दहा वर्षांची मुलगी होती, दात पडलेली, चेहरा ठिपक्यांनी भरलेला. तिने ग्लेनिसची बाही धरली आणि तिला सगळ्या रिंगणातून फिरवलं. पोस्टात येऊन पिपने ते मला साग्रसंगीत सांगितलं.

"मिसेस टकवेल, तुम्ही अडथळ्याकडे बघता," पिप तिला म्हणाली होती. "तसं नाही करायचं. तुम्ही खाली बघितलं की पुडिंगला वाटतं तिथे काहीतरी पडलंय, मग तो पण थांबून बघतो."

"मग मी कुठे बघू?"

"पलीकडे. चहाच्या तंबूकडे बघा. मी तेच करते."

ग्लेनिसने पहिल्या अडथळ्याला चहाच्या तंबूकडे बघितलं आणि तो पार झाला. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना महिला मंडळाने जिरेनियमच्या कुंड्या मांडल्या होत्या. पुडिंग तिथे येऊन थांबला. ती वळवून परत आली, तो परत थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मी घंटा वाजवली. तिने टोपीला हात लावून पंचांना सलाम केला, आणि ती हे करत असताना पुडिंगने लगाम सैल झालेला बघून सगळं जिरेनियम मुळापर्यंत खाल्लं. कुंड्या लावणाऱ्या मिसेस डन्स्टन यांनी तक्रार लिहून दिली. ती अजून शोच्या कपाटात आहे.

सोमवारी बसमध्ये पोरांनी तिला गुण दिले. बसण्याला दहापैकी चार, हिमतीला नऊ, पुडिंगच्या भुकेला अकरा. तेव्हापासून बस म्हणजे घोडेस्वारीची शाळाच झाली. कुणी खोड्या काढल्या की शिक्षा म्हणून पुढच्या सीटवर बसून मिसेस टकवेलना दुहेरी अडथळ्यात पावलं कशी मोजायची ते समजावून सांगायचं. काही पोरं मुद्दाम खोड्या काढायला लागली.

पुढची चार वर्षं ती आसपासच्या सगळ्या शोंना गेली. अडथळे साठचे सत्तर झाले, सत्तरचे नव्वद. तिला एक वाईट खोड होती, ती कधी गेली नाही. ती धावत्या घोड्यावर मोठ्याने बोलायची. सगळी फेरीभर. "चल राजा, आला बघ, आता हा निळा, हां, शाब्बास, आता वळ, अरे वळ ना गाढवा." पंचांना ते आवडत नसे, पण त्याविरुद्ध नियम नव्हता. लोकांना आवडायचं. तिची फेरी आली की सॉसेज-पावाच्या रांगेतली माणसंही रांग सोडून कुंपणाशी यायची. तिला पहिली रिबन मिळाली ती सहाव्या क्रमांकाची, आणि त्या वर्गात स्वार सहाच होते. ती तिने बसच्या आरशाला लावली.

त्या वर्षी ग्लेनिस पन्नास वर्षांची झाली. सप्टेंबरात तिने आमच्या शोच्या मुख्य वर्गाचा अर्ज भरला. एक मीटर दहा, बारा अडथळे. कुणाला सांगू नकोस म्हणाली. मर्व्हलासुद्धा. पोस्टातल्या बाईला काही सांगायचं म्हणजे पोटात ठेवायची सवय तिला असतेच.

आठवड्याभरात जॅनीनचा फोन आला. तिचं शिक्षण संपलं होतं, हॉस्पिटलात नोकरी लागली होती आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिला शोच्या सुमाराला रजा मिळाली होती. मी येते, मुख्य वर्गात पुडिंगला उडवते, अगदी पूर्वीसारखं, असं ती म्हणाली. आई थोडीफार घोड्यावर बसते हे तिला ठाऊक होतं. किती, ते ग्लेनिसने कधी नीट सांगितलंच नव्हतं. ये ना, असं म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस शाळेत सोडून ती पोस्टात आली. एका वर्गात एका घोड्यावर एकच स्वार, हा नियम तिलाही माहीत होता आणि मलाही. तिने माझं नाव काढ म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, "अगं, तिला एकदा विचार तरी."

"नोला, घोडा तिचाच आहे. मी नुसती त्याला फिरवत होते."

असं म्हणून ती तिकिटं न घेताच गेली. घ्यायला आली होती तिकिटंच. मी यादीतलं तिचं नाव खोडलं, पण पेन्सिलीने, आणि हलक्या हाताने.

शोच्या दिवशी ऊन छान होतं. गहू पिवळा पडायला लागला होता. पहाटे ग्लेनिसने नेहमीप्रमाणे वेण्या घातल्या, आणि जॅनीन खोगिरावर बसली की बादली उचलून रिंगणाबाहेर उभी राहिली. पाच वर्षं मधे गेलीच नसावीत असं ते चित्र होतं. सकाळच्या नव्वदच्या वर्गात जॅनीन पहिली आली. हात आणि पाठ तिचीच, एखाद्या रेघेसारखी सरळ. पण पुडिंगचे कान पुढे नव्हते. दर दोन उड्यांनी त्याचा एक कान कुंपणाकडे वळत होता, जिथे ग्लेनिस तोंड गच्च मिटून उभी होती. मला वाटलं, मलाच तसा भास झाला असेल.

दुपारी मुख्य वर्गाचा नंबर घ्यायला जॅनीन आमच्या खोलीच्या खिडकीशी आली. यादी टेबलावर पसरलेली होती. ती वाकून आपलं नाव शोधत होती, तेवढ्यात तिला त्याच्या वरचं खोडलेलं नाव दिसलं. तिने माझ्याकडे बघितलं. पोटातली गोष्ट मी ओठांवर आणली नाही असं मला म्हणता येणार नाही. सगळं सांगितलं, पिपपासून ते तिकिटांपर्यंत. ती वळली आणि मिरीच्या झाडाखाली त्यांचा ट्रेलर होता तिकडे चालू लागली. नंबराचं कापड माझ्याच हातात राहिलं होतं म्हणून मीही तिच्या मागे गेले. असं मी लोकांना सांगते.

ग्लेनिस पुडिंगच्या पायांना ओल्या फडक्याने पुसत होती. मर्व्ह ट्रेलरच्या दांडीवर बसून मटण भरलेली पेस्ट्री खात होता.

"आई, तू मुख्य वर्गात नाव दिलं होतंस?" जॅनीनने विचारलं.

ग्लेनिसने माझ्याकडे असं बघितलं की मला माझी पोस्टातली खुर्ची आठवली. मग म्हणाली, "शो काय, दर वर्षी असतो."

"पुडिंग आत्ता चौदाचा आहे."

"जॅनीन, तुझा घोडा आहे तो."

"माझा होता तेव्हा सकाळी सहाला त्याला खायला कोण घालत होतं? मी नुसती वर बसायचे." तिने पुडिंगच्या मानेवर हात ठेवला. "खरं सांगू? आज सकाळी सगळी फेरी तो तुझा आवाज शोधत होता. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, काय सांगू."

ग्लेनिसच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. जॅनीनने ती बादली उचलली आणि स्वतःच्या हातात धरली.  मग ग्लेनिस हळूच म्हणाली की तिचं जाकीट गाडीत सीटमागे आहे, आपलं सहज आणलं होतं.

"सहज," मर्व्ह म्हणाला, "इस्त्री करून."

पंच होते एरिक किल्डफ. सत्तरीचे, ताठ, आणि नियमांचं लहान हिरवं पुस्तक सदैव छातीच्या खिशात. शेवटच्या क्षणी स्वार बदलणं त्यांना चाललं नसतं. पण मी यादी पुढे केली तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, पेन्सिलीने खोडलेलं मी खोडलेलं धरत नाही.

चौदा स्वार होते. ग्लेनिसचा नंबर अकरावा. तोवर दोनच जणांनी निर्दोष फेरी मारली होती. जॅनीन रिंगणाबाहेर बादली घेऊन उभी राहिली, आणि सबंध बसच्या बस कुंपणावर चढून बसली. त्यात पिप ऑजर्स मधोमध. ती आता चौदा वर्षांची होती, हात मोडून गळ्यात बांधलेला, म्हणून त्या वर्षी बाहेर.

ग्लेनिसने सलाम केला, मी घंटा वाजवली, आणि ती बोलायला लागली. "चल राजा. पहिला काही नाही, पहिला आपल्या तळ्यावरचाच." पहिला पार. दुसरा, तिसरा पार. पुडिंगचे दोन्ही कान आता पुढे, टोकदार. चौथ्याला मागचा खूर दांड्याला लागला, दांडा हलला, बसला. पाचवा, सहावा. मैदानात तिचा आवाज आणि टापांखेरीज काही ऐकू येत नव्हतं. सहाव्यानंतर उजवीकडे वळून कोंबड्यांच्या शेडजवळच्या दुहेरी अडथळ्याकडे जायचं होतं. ती सरळ निघाली. समोर लाल भिंत होती, दहावा अडथळा, आणि तिचं तोंड थेट तिकडे. ती बोलायची थांबली त्यावरून मला कळलं की ती रस्ता विसरली आहे. चुकीच्या अडथळ्यावरून उडी मारली की स्वार बाद, मग फेरी कितीही सुंदर असो.

"उजवीकडे, मिसेस टकवेल!"

चौतीस पोरं एका आवाजात ओरडली. ग्लेनिसने वळवला. भिंतीपासून दहा पावलांवर पुडिंग एखाद्या बससारखा, सगळं अंग एकाच वेळी वळवत वळला आणि दुहेरी अडथळ्यातून एक-दोन करत बाहेर पडला. पुढचं सगळं मी श्वास धरूनच बघितलं. भिंत पार, अकरावा पार, बाराव्यावर इतकी जागा सोडून गेला की खालून मेंढरू गेलं असतं. एकही दांडा नाही. लोक टोप्या उडवत होते. मिसेस डन्स्टनसुद्धा.

मी कागदावर शून्य लिहिलं आणि किल्डफसाहेबांकडे बघितलं. त्यांनी हिरवं पुस्तक काढलं होतं आणि ते पानं उलटत होते, सावकाश, मागे, पुढे. तेवढ्यात ग्लेनिस घोडा घेऊन खिडकीशी आली. घामाने डबडबलेली, चेहरा टोमॅटोसारखा लाल.

"मिस्टर किल्डफ, मी रस्ता चुकले होते. पोरांनी सांगितला."

"ऐकलं मी. वॉगापर्यंत ऐकू गेलं असेल."

"मग घंटा का वाजली नाही?"

"नियम वाचतोय. मदत मिळाली तर स्वार बाद, असं आहे. पण तू ती मागितली नव्हतीस. न मागता मिळालेल्या मदतीचं काय करायचं, ते पंचावर सोडलंय." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "पोरं गप्प बसली असती तर तू कुठे गेली असतीस?"

ग्लेनिसने विचार करायला वेळ घेतला नाही. "भिंतीवरून."

"मग बाद."

"बाद," ती म्हणाली, आणि हसली.

किल्डफसाहेबांनी मला खूण केली. इतक्या वर्षांत मी फेरी संपलेल्या माणसावर कधी घंटा वाजवली नव्हती. लोकांना काही कळेना. मग साहेबांनी ध्वनिक्षेपक स्वतःच्या हातात घेतला, उभे राहिले, आणि सांगितलं की अकरा क्रमांकाच्या स्वार मिसेस टकवेल बाद झाल्या आहेत, आणि हे त्यांनी स्वतः येऊन कळवलं आहे. त्यांनी टोपी काढली. त्यांना टोपीशिवाय मी त्याआधी फक्त चर्चमध्ये पाहिलं होतं.

टाळ्या जिंकणाऱ्याला मिळाल्या त्यापेक्षा जास्त वेळ वाजल्या, हे मी घड्याळ लावून सांगू शकते, कारण घड्याळ माझ्यासमोर होतं.

पोरांची मात्र अवस्था वाईट होती. पिप तर कुंपणावरून उतरून शेडमागे जाऊन रडत बसली. ग्लेनिस घोड्यावरूनच तिकडे गेली. पिपने हुंदके देत सांगितलं की आपणच सगळं बिघडवलं. ग्लेनिस खाली उतरली, तिच्याशेजारी गवतात बसली आणि म्हणाली, "बारा अडथळे झाले, पिप. एक दांडा पडला नाही. रिबन नाही मिळाली तर ते दांडे काय मागे जाऊन पडणार आहेत?" मग दोघींनी एक एक सॉसेज-पाव खाल्ला आणि तिसरा पुडिंगने चोरला.

जॅनीन सिडनीला परत गेली, पण वर्षभराने वॉगाच्या हॉस्पिटलात नोकरी घेऊन इकडे आली आणि तिने एक चपळ काळी घोडी घेतली. आता मायलेकी एकमेकींविरुद्ध उतरायला लागल्या. दहापैकी नऊ वेळा जॅनीन पुढे असायची, आणि दहाव्या वेळी मर्व्ह पबमध्ये सगळ्यांना बिअर पाजायचा. आनंदाने की दुःखाने, ते त्याने कधी सांगितलं नाही.

मुख्य वर्गात ग्लेनिस पुढच्याच वर्षी परत आली. त्या वेळी तिने आधीच बंदोबस्त केला होता. महिला मंडळाकडून तिने एक मोठा डबाभर चिकट टॉफी करून घेतली होती. तिच्या फेरीच्या पाच मिनिटं आधी प्रत्येक पोराच्या तोंडात एक एक टॉफी. सगळ्यांचे जबडे चिकटले. मिसेस टकवेल सहाव्या अडथळ्यानंतर उजवीकडे वळेपर्यंत चौतीस पोरं कुंपणावर डोळे फाडून नुसती हूं हूं करत होती. ती वळली, स्वतःहून. शेवटच्या अडथळ्याला एक दांडा पडला, चार दोष, आणि ती चौथी आली. रिबन आरशाला लावली तेव्हा जुनी काढली नाही, शेजारीच लावली, त्यामुळे ड्रायव्हरला मागचं निम्मंच दिसायला लागलं आणि मागच्या सीटवरच्यांचं फावलं.

पुडिंग सव्वीस वर्षं जगला. शेवटची पाच वर्षं तो तळ्याजवळ नुसता हिंडत असे, आणि ग्लेनिस रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलायला जायची. तो गेला त्या आठवड्यात तिने बस चालवली नाही. त्यानंतर तिला जॅनीनच्या काळ्या घोडीचं शिंगरू मिळालं, आणि एकाहत्तराव्या वर्षापर्यंत ती त्याच्यावर उतरत राहिली.

आता आमच्या शोमध्ये मोठ्यांसाठी नवशिक्यांचा वेगळा वर्ग असतो, साठ सेंटिमीटरचा. तो सुरू व्हावा म्हणून ग्लेनिस तीन बैठकांत भांडली होती, आणि त्या वर्गात पडलेल्याला मदत चालते, हेही तिने नियमात लिहून घेतलं. गेल्या वर्षी त्यात सोळा नावं होती. गावातला खाटीक, दोन शिक्षिका, किल्डफसाहेबांची सून, आणि फादर मलिगन, वय चौपन्न. सकाळी ग्लेनिसने त्या सोळा जणांना रिंगणात फिरवून पावलं मोजायला शिकवली. तिसऱ्या अडथळ्याशी घोडा थांबला आणि फादर मलिगन एकटेच पलीकडे पोचले. त्यांनी बसल्या बसल्या जे म्हटलं ते आम्ही कुणी बिशपांना कळवलेलं नाही. ग्लेनिस हसत हसत आत गेली, त्यांची टोपी झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली, आणि घोड्याचा लगाम त्यांच्या हातात देत म्हणाली, "अजून एकदा थांबू शकतो तो, फादर. चढा परत."